हौसाक्काच्या कोंबड्या आणि माझी हवेशीर खोली

गावात बाळंतीण कुणाच्या घरी आहे, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. वेशीपाशी सायकलवरून उतरलं की नाकच सांगायचं. जळका ओवा, लसणीच्या साली, बाळंतशेपा आणि खाली धुमसणाऱ्या शेणी. हा वास एकदा नाकात बसला की रिटायर झालं तरी उठत नाही.

एका मासिकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, नोकरीतलं काहीतरी प्रेरणादायी लिहा." अहो, मी उपकेंद्रातली नर्स! तीस वर्षं लोकांना सुया टोचल्या, गोळ्या गिळायला लावल्या, आणि आणीबाणीत तर मी पुढच्या दारात दिसले की घरातला पुरुष नसबंदीच्या धास्तीनं मागच्या दारानं पसार. ह्यात प्रेरणा कुठं सापडते बघा बाई. मला सापडते ती कोंबड्यांची एक गोष्ट. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात मी वाईट दिसते.

माझं माहेर साताऱ्याचं. नर्सिंगचं शिक्षण संपलं आणि बाविसाव्या वर्षी नेमणूक आली ती विट्याच्या पलीकडच्या एका गावात. सत्तर साल उलटून गेलेलं, नुकताच दुष्काळ सरलेला. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, लोखंडी कपाट, सुया उकळायला रॉकेलचा स्टोव्ह, एक जाडजूड रजिस्टर, आणि पाच गावं फिरायला एक सायकल. गरोदर बाया शोधायच्या, बाळंतपणं करायची, पोरांना टोचायचं, त्यांची वजनं घ्यायची. वजनाचा काटा म्हणजे एक आकडा आणि त्याला फडक्याची झोळी. पहिल्याच दिवशी एक आजी माझ्या अंगावर धावून आली होती. "पोर काय कांद्याचं पोतं हाय व्हय, टांगायला?"

पण माझी खरी दुश्मनी होती ती धुरीशी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतिणीला घरातली सगळ्यात आतली, सगळ्यात अंधारी खोली. खिडकी असलीच तर तिच्यात पोतं कोंबलेलं, दाराला घोंगडं, खाटेखाली शेगडी. सकाळ-संध्याकाळ बाळाला न्हाऊ घालायचं, निखाऱ्यावर ओवा टाकायचा आणि त्या धुरावर बाळाला धरायचं. बाळ खोकून खोकून लालभडक झालं की सगळ्या बायका खूश. कफ सुटला म्हणे! पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. त्या धुरात तिला कपाळ तरी कसं दिसत असेल, असं मी मोठ्यानं म्हणायचे आणि बायका गालावर मारून घ्यायच्या.

वर्षभर मी घसा फोडून सांगितलं. ऐकलं फक्त एका रिटायर्ड सुभेदारांनी. त्यांच्या सुनेला धुरी चालायची तीही लष्करी शिस्तीत, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, "आबा, तुमच्या पलटणीत कधी बंद तंबूत शेगडी पेटवून कुणी झोपलं होतं का?" सुभेदारांची मिशी खाली आली. म्हणाले, "दोन पोरं गेली आमची. बर्फात. सकाळी उठलीच न्हाईत." आणि तिथल्या तिथं ओरडले, "खिडकी खोल रं!" त्या घरात परत घोंगडं लागलं नाही. मी एवढी फुशारले की विचारू नका.

अशी फुशारलेली असतानाच हौसाक्काशी माझा खरा सामना झाला.

हौसाक्का गावची सुईण. साठीची, काटक, कपाळाला बुक्का, आणि जिभेला धार अशी की सोनारानं कातरी म्हणून वापरावी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी आल्यापासून आमच्यात जी जुंपली होती, तिचा आखाडा आता हौसाक्काच्याच घरात भरला, कारण तिची सून सुमन बाळंत झाली. पोरगा झाला. नाव ठेवलं उत्तम.

आता तिच्या मुलाबद्दल, संपतबद्दल सांगायला हवं. आमच्या त्या भागातली पोरं मिसरूड फुटायच्या आत परमुलखात जातात, गलाई शिकायला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. संपत दहा वर्षं कोइमतूरला होता. मेहुण्याशी बिनसलं, तसा गावी आला आणि घरातच भट्टी घातली. कोंबड्यांना हाकलताना तो मद्राशी भाषेत शिव्या द्यायचा आणि कोंबड्यांना त्या कळायच्या, असं सुमन शपथेवर सांगायची. काम असं की सोनारांच्या दुकानातला केर, जुन्या शालूंची जर, काळी पडलेली चांदी आणायची आणि शिशाबरोबर वितळवायची. शिसं तो जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांतून काढायचा. शिसं चांदीतली सगळी घाण स्वतःच्या पोटात घेतं, मग काही राखेत मुरतं, काही हवेत उडून जातं, आणि मागं चांदीचा गोळा लखलखत राहतो. काही हवेत उडून जातं, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी फक्त तो गोळा बघितला आणि म्हटलं, "अगंबाई, काय छान!"

उत्तम आठ दिवसांचा असताना मी त्यांच्या घरी गेले, तर आत धुराचा नुसता कोंडमारा. सुमनच्या डोळ्यांतून पाणी, बाळाला ढास लागलेली.

"आक्का, ह्या धुरानं पोर जाईल हं!"

"माझ्या हातावरची पोरं धुरानं गेली असती, तर ह्यो गाव वसला असता व्हय?" हौसाक्का म्हणाली. "तुमी किती बाळतपनं क्येली गं पोरी? अन सोताची किती?"

माझं लग्नही झालेलं नव्हतं. मला तिचा असा राग आला की मी सरळ संपतलाच हाक मारली. तो शहर बघून आलेला. म्हणाला, "बाई म्हणत्यात ते खरं हाय आये. तिकडं दवाखान्यात कोन न्हाई धुरी देत." झालं. म्हातारी एकटी पडली. मी सगळं घर फिरून बघितलं आणि बाळासाठी खोली निवडली. पुढच्या अंगाची, चुना मारलेली, समोरासमोर दोन खिडक्या, झुळूझुळू वारा. मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं संपतची भट्टी.

"बाई, तितं भट्टी हाय की वो," सुमन हळूच म्हणाली.

मी भट्टीपाशी गेले. कोळशाचा जाळ. डोळ्यांत काही झोंबेना, नाकाला काही लागेना. वर झरोका. मी म्हटलं, "ह्याचा कुठं धूर आहे? उलट थंडीत ऊब राहील." आणि पाळण्याची दोरी माझ्या हातानं त्या खोलीतल्या कडीला बांधली. रजिस्टरात नोंद केली, 'बाळ हवेशीर खोलीत हलविले.' महिन्याच्या मीटिंगला तालुक्याच्या डॉक्टरांनी ती नोंद सगळ्यांना वाचून दाखवली. मी मान खाली घालून लाजले. खोटं खोटं.

पहिलं वर्ष झकास गेलं. उत्तम वेळेवर बसला, वेळेवर रांगला. वर्षाचा झाला तेव्हा त्याला तीन शब्द येत होते, आई, आज्जी आणि कोंबी. कोंबडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. हौसाक्काच्या दहा-बारा कोंबड्या होत्या, त्यांच्या मागं हा दिवसभर गुडघ्यांवर. मी जाता-येता हौसाक्काला डिवचायचे, "काय आक्का, धुरीशिवाय वाढलं की नाही पोर?" ती तोंड फिरवून पचकन थुंकायची.

त्याला दीड वर्ष झालं त्या सुमाराची गोष्ट. सकाळी उपकेंद्र उघडून बसले होते. हौसाक्का आली आणि तिनं माझ्या उघड्या रजिस्टरावर एक मेलेली कोंबडी ठेवली.

"आक्का! मी माणसांची नर्स आहे!"

"ठावं हाय. आदी बगा." ती खाली बसली. "ही चवथी. प्यालेल्या मानसावानी झोकांड्या खात्यात, मान टाकत्यात, अन मरत्यात. आवं, समद्या न्हाई मरत. संपा भट्टीची राख परड्यात टाकतुय न्हवं, पिवळी पिवळी, त्या राखंत उकरत्यात त्याच मरत्यात. गोठ्याकडच्या ठनठनीत हायत. मी धा दीस बगतीया. अन पोरगं बी त्याच राखंत लोळतंय. त्येचं त्वांड बगा कसं चुन्यावानी झालंय. मी पाळना माज्या खोलीत न्हेती."

आज मला कळतं, ती काय करत होती. दहा दिवस बसून कुठल्या कोंबड्या मरतात आणि कुठल्या नाही ह्याचा हिशेब ठेवणं, ह्याला मोठाल्या कॉलेजात मोठालं नाव आहे. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. मला येत होतं, आणि मला त्या सगळ्या बोलण्यातलं ऐकू आलं ते शेवटचं वाक्य तेवढं. पाळणा परत धुराच्या खोलीत! म्हणजे माझी हार!

"आक्का, ह्याला मानमोडी म्हणतात. कोंबड्यांचा रोग आहे," मी म्हटलं. "आणि मी ह्या गावात असेपर्यंत तो पाळणा तुमच्या धुरात परत जायचा नाही."

तिनं कोंबडीचे पाय धरले. मग उठली. "तुमी शिकल्याल्या. तुमचं खरं," म्हणाली आणि गेली. रजिस्टरावर ओला डाग पडला होता, तो मी स्पिरिटनं पुसला.

पुढचे सहा महिने मी काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्हाला माझी अक्कल कळेल. उत्तमचं पोट दुखायचं, मी जंताचं औषध दिलं. शौचाला होईना, एरंडेल दिलं. पांढराफटक पडला, लोहाचं टॉनिक दिलं. चिडचिड करायचा, म्हटलं दात येत असतील. एक दिवस सुमन विहिरीवरून पाणी नेताना थांबली. "बाई, ह्यो आदी कोंबी म्हनत हुता. आता म्हनत न्हाई. आई बी म्हनत न्हाई."

"मुलगे उशिराच बोलतात गं," मी म्हटलं.

तो उशिरा बोलत नव्हता. बोलायचं थांबत होता. एवढा साधा फरक एका अडाणी पोरीला कळला आणि मला नाही कळला.

मग एका दुपारी सुमन अनवाणी पळत आली. उत्तमला झटके येत होते. गेले तर डोळे फिरलेले, तोंडाला फेस. संपतनं तासगावच्या बाजूला निघालेला एक ट्रक अडवला. मी, सुमन, संपत आणि हौसाक्का, पोराला मांडीवर आडवं घेऊन, दोन वाहनं बदलून मिरजेच्या दवाखान्यात पोचलो. मी नुसती त्याची नाडी धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, हा वाचू दे, मी परत कुणाशी भांडणार नाही.

तिथले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी पोराला तपासलं, झटका थांबवला, आणि मला विचारलं, "बाप काय करतो?"

मी छापील उत्तर दिलं. "शेती." कारण रजिस्टरात तसंच होतं. बाप काय करतो ह्या रकान्यात मी गावभर 'शेती' लिहून मोकळी झाले होते.

डॉक्टरांनी संपतचे काळे हात बघितले. त्याला म्हणाले, "आ कर." आम्हाला वाटलं, हे काय भलतंच, आजारी पोरगा आणि हे बापाचं तोंड बघतात! संपतनं आ केला. डॉक्टरांनी त्याचा ओठ खाली ओढून मला हिरड्या दाखवल्या. दातांच्या कडेनं निळसर काळी रेघ, पेनानं ओढल्यासारखी.

"शिसं," डॉक्टर म्हणाले. "घरात भट्टी आहे? मूल कुठं झोपतं?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. संपतनं जमिनीकडं. हौसाक्का भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "भट्टीच्या शेजारच्या खोलीत, डाक्टर. लय वारा येतुय तितं."

एवढंच. पाळणा तिथं कुणी बांधला ते तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मग मला बाजूला घेऊन समजावलं. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर पोट दुखतं, हात लुळे पडतात. पण दोन-तीन वर्षांच्या आतल्या पोराचा मेंदू तेव्हा भराभर घडत असतो, ओल्या मडक्यासारखा. हवेतून जे आत जातं ते तिथं जाऊन बसतं, आणि मडकं भाजून निघालं की मग त्यावर उमटलेला बोटाचा ठसा पुसता येत नाही. "इंजेक्शनं मागवतो," ते म्हणाले. "वाचेल. बाकी किती परत येईल ते सांगता येत नाही."

"ह्यो शाळंत जाईल न्हवं?" संपतनं विचारलं. चौथीत शाळा सोडलेला माणूस, पोरानं इंजिनियर व्हावं म्हणून भट्टी फुंकत होता. डॉक्टर म्हणाले, "बघू." डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. मी जिन्याखाली जाऊन रडले. पोरासाठी रडले, आणि खरं सांगते, स्वतःला वाचवण्यासाठी आता काय बोलावं ह्याचाही विचार तिथंच केला.

गावी परत आल्यावर हौसाक्कानं पहिलं काम केलं ते म्हणजे कुदळ घेऊन भट्टी फोडली. संपत बघत उभा राहिला. राख तिनं लांब माळावर खड्डा खणून पुरली. संपत चार दिवसांनी परत कोइमतूरला गेला. उत्तम जगला. चार वर्षांचा झाल्यावर परत 'कोंबी' म्हणाला. त्या दिवशी सुमननं घरोघर गूळ वाटला. शाळेत गेला तो चौथीत तीनदा बसला, शेवटी मास्तरांनीच हात जोडले. शाळातपासणीच्या वेळी त्याच्या नावापुढं मी लिहिलं, 'समज कमी.'

गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, बाईंनी मिरजेला नेलं म्हणून पोर वाचलं! पंधरा ऑगस्टला सरपंचांनी माझा खण-नारळ देऊन सत्कार केला. मी तो घेतला. हौसाक्का पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात. एकदा जरी ती म्हणाली असती, 'मी सांगत हुते,' तर मी तिच्या पाया पडले असते. पण ती म्हणाली नाही, आणि न विचारता पाया पडण्याइतकी मी मोठी नव्हते.

माझी बदली झाली तेव्हा ती एस.टी. स्टँडवर आली. पाटीत दोन कोंबड्या पाय बांधून. माझ्या हातात देत म्हणाली, "घिऊन जा. अंडी चांगली देत्यात. राखंपासनं लांब ठिवा म्हंजी झालं." सगळी गाडी हसली. मीही हसले. नंतर चार-पाच वर्षांनी ती गेल्याचं कळलं.

आमची भाची आता लहान मुलांची डॉक्टर आहे. ती सांगते, मावशी, नुसतं शिसंच नाही, चुलीचा, शेणीचा, गाड्यांचा, सगळाच धूर वाईट. पोटातल्या बाळाला आणि तान्ह्याला तो थेट डोक्यापर्यंत नडतो. म्हणजे धुरीबद्दल माझं बरोबरच होतं. पण त्यात आता काय राम आहे? जो धूर डोळ्यांत झोंबतो तेवढाच मला धूर वाटला. पोराला एका धुरातून उचललं आणि दुसऱ्यात नेऊन टांगलं, वर पाठ थोपटून घेतली. उत्तमच्या कपाळावर जे लिहिलं गेलं ते सटवाईच्या माथी मारायला मी धजत नाही.

इथवर लिहून झालं आणि लिफाफ्यात घालणार, तेवढ्यात उत्तम आला. आता डोक्याचे केस पांढरे झालेत त्याचे. गावाजवळच्या एका पोल्ट्रीत कामाला आहे. दर दिवाळीच्या आधी सांगलीला माझ्याकडं अंडी घेऊन येतो, भुशात एकेक पुरून. त्याला शेडमधली कुठली कोंबडी उद्या आजारी पडणार ते आज कळतं, म्हणून मालक त्याला सोडत नाही. सुट्टे पैसे मात्र त्याला मोजता येत नाहीत.

तो चहा पीत बसला आणि माझ्या एकदम ध्यानात आलं की मी किती बिनधास्तपणे हे सगळं लिहून टाकलं होतं. कबुली दिली म्हणून मनातून हलकीही झाले होते. का नाही होणार? उत्तमला वाचताच येत नाही! अख्खा महाराष्ट्र वाचेल, आणि ज्याला सांगायचं तो तेवढा वाचणार नाही.

मग मी कागद परत काढले आणि त्याला पहिल्यापासून वाचून दाखवले. सावकाश. आजीच्या तिखट बोलण्याला तो खो खो हसला. मद्राशी शिव्यांना तर चहा सांडला. कोंबडी रजिस्टरावर ठेवली तिथं पुढं सरकून बसला. मी पाळण्याच्या दोरीचं वाचलं, मिरजेचं वाचलं, 'समज कमी' तेही वाचलं, आवाज न बदलता. संपल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"मंजी आज्जीचं खरं हुतं."

"हो रे. आजीचंच खरं होतं."

त्याला विचार करायला वेळ लागतो.

"मग बाई, ती जित्ती हुती तवा तिला का न्हाई सांगितलं?"

पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही, मी स्वतःला विचारलं नाही. आणि ह्याला समज कमी आहे, असं माझ्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.